एक माणूस, एक कुत्रा

लायल टॉर्गरसन खोटं बोलतोय हे मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. त्याच्या तोंडावरून कुणालाच काही कळत नाही. बायकोच्या अंत्यविधीला आणि मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी तो एकच चेहरा घेऊन येतो. मला कळलं ते आकड्यावरून. त्यानं कार्डावर पाच हजार चारशे लिहून आणलं होतं, आणि मी म्हणाले होते पाच हजार सहाशे.

मी व्हर्ना ऑस्टबी. तळ्याच्या दक्षिण टोकाला, पेट्रोल भरायच्या धक्क्यालगत माझं दुकान आहे. बोटीच्या मोटरचे पंखे वाकले तर मी सरळ करते, पातं तुटलं तर भरून देते, आणि कुणाच्या बोटीला कुठला पंखा लागेल ते सांगते. माझा नवरा हार्लन जाऊन अकरा वर्षं झाली. तो होता तोवर लोक याला हार्लनचं दुकान म्हणायचे. पंखे तेव्हाही मीच निवडायचे, पण ते असो.

यात जादू काही नाही. प्रत्येक पंख्यावर एक आकडा कोरलेला असतो, अकरा, बारा, तेरा असा. एका फेऱ्यात तो बोटीला किती इंच पुढे ढकलू बघतो, तो तो आकडा. मोठा आकडा घेतला तर वेग मिळतो, पण मोटरला जड जातं. लहान घेतला तर बोट झटकन पाण्यावर उठते, पण मग मोटर नुसती किंचाळत बसते. पूर्ण जोरात पळवल्यावर मोटरनं मिनिटाला जितके फेरे घ्यावेत असं बनवणाऱ्यानं ठरवलंय, तितके घेतले की पंखा बरोबर. आणि ते ठरतं बोटीतल्या वजनावर. म्हणून माझ्याकडचा रिवाज असा, की भिंतीवर वीस-बावीस जुने पंखे टांगलेले आहेत, त्यातला एक लावून जायचं, बोटीत नेहमी जेवढं ओझं असतं तेवढंच घ्यायचं, एकदा वाऱ्याच्या तोंडावर आणि एकदा वारा पाठीशी घेऊन पळवायची, आणि फेरे कार्डावर लिहून आणायचे. मग मी पक्कं सांगते.

कार्डावरची पहिली ओळ असते ओझ्याची, आणि लोक सगळ्यात जास्त खोटं तिथेच लिहितात. पुरुष वजन सांगताना बायकोला धरत नाहीत, बिअरला धरत नाहीत, आणि स्वतःला तर लग्नाच्या दिवशीच्या मापानं धरतात. बोट रिकामी घेऊन एकटे पळवतात, वेग बघून खूश होतात, आणि जुलैत पाहुणे आले की बोट उठेना म्हणून माझ्या नावानं बोटं मोडतात. लायल त्यातला नव्हता. या वर्षी त्यानं नवी मोटर घेतली, माझ्याकडचा बाराचा पंखा लावून गेला, आणि कार्डावर नीट लिहून आणलं: मी दोनशे दहा पौंड, टोबी ऐंशी, मासेमारीच्या सामानाचा डबा आणि गळ. टोबी म्हणजे त्याचा काळा कुत्रा. सहा वर्षं त्याच्या कार्डावर हेच असायचं, आणि आकडा माझ्या अंदाजापासून पन्नासहून जास्त कधी हलला नव्हता.

"बोटीत कोण होतं?" मी विचारलं.

"मी आणि टोबी."

"आणखी?"

"आणखी कोण असणार? डबा होता."

"डब्यात काय शिसं भरलं होतंस?"

"वारा होता, व्हर्ना."

"वाऱ्यासाठीच तर दोन्हीकडून पळवायची."

त्यानं टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली. "टोबी जाड झालाय," तो म्हणाला.

मी कार्ड ठेवून घेतलं आणि म्हणाले, गुरुवारी ये, तोवर विचार करते. तो गेल्यावर मी पाटीवर हिशेब मांडला. दोनशे फेरे हवेत विरत नाहीत. त्या बोटीला आणि त्या मोटरला दोनशे फेरे म्हणजे एक माणूस. जाड नाही. एकशेचाळीस पौंडांच्या आसपासचं, आणि सोबत थोडंफार सामान.

माझी नणंद बेव्ह दुकानाच्या दुसऱ्या बाजूला आमिष विकते. ती जळवा मोजून डब्यात टाकत होती.

"तळ्यावर कुणी नवीन आलंय का?" मी विचारलं.

"तुला माहीत नाही? केटोलांचं केबिन विकलं गेलं. ड्युलुथ शहरातली बाई आहे, मार्लिस ब्रांट. शाळेत गाणं शिकवायची, आता निवृत्त झाली. रविवारी चर्चमध्ये गायली तर पाद्रीबाबा पुढचं विसरले."

"वजन किती असेल?"

बेव्हचा हात जळवांच्या पाण्यात थांबला. "वजन?"

"अंदाजे."

"असेल एकशेचाळीस. पण तुला तिच्या वजनाशी काय..." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "अच्छा. लायल."

"लायलचं मी नावही काढलं नाही."

"म्हणून तर कळलं. अगं व्हर्ना, सहा वर्षं दर शुक्रवारी शेजारी बसून मासे खाल्लेस, म्हणजे तो काय तुझ्या नावावर झाला?"

"तुझ्या जळवा निसटताहेत," मी म्हणाले.

शुक्रवारी क्लबात तळलेले मासे असतात. अख्खं गाव येतं. लायलची बायको जॉइस गेल्यानंतर तो एकदा माझ्या समोरच्या खुर्चीत बसला आणि पुढच्या शुक्रवारीही तिथेच बसला. त्याला कोबीची कोशिंबीर आवडत नाही. वाढणारी बाई ती वाटी ठेवून गेली की तो न बोलता ती माझ्याकडे सरकवायचा, आणि मी माझ्याकडचं लिंबू त्याच्याकडे सरकवायचे. एवढंच. सहा वर्षांत याहून पुढे काही गेलं नाही. पण मी त्या वाटीला पुष्कळ काही समजत होते. गेले दोन शुक्रवार तो शेवटचा गोड पदार्थ न खाताच उठून गेला होता, आणि मी मूर्ख, त्याच्या पोटाची काळजी करत होते.

बुधवारी दुपारी मी धक्क्यावर पेट्रोलची नळी गुंडाळत होते तेव्हा त्याची बोट समोरून गेली. पुढच्या फळीवर पिवळी टोपी घातलेली एक बाई बसली होती. टोपी उडू नये म्हणून एका हातानं धरून ती तोंड उघडून हसत होती. पुढची फळी टोबीची. पिल्लू होता तेव्हापासून तो तिथे नाक वर करून बसतो. त्या दिवशी तो मधे, पायांजवळ, तोंड पाडून बसला होता. त्या कुत्र्याबद्दल मला तेव्हा जी माया वाटली ती फार थोड्या माणसांबद्दल वाटली असेल.

पण टोबीचंही जाऊ दे. लायल बोलत होता. सुकाणूवरचा एक हात सोडून, तो हात हवेत हलवून बोलत होता. माझ्यासमोर सहा वर्षांत त्याचा हात ताटाच्या पलीकडे गेला नव्हता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उगीच सभ्यपणा दाखवत नाही, जळफळाटच होता तो. मी बासष्ट वर्षांची, हातांना ग्रीसचा वास कायमचा चिकटलेला, गुडघा वाकत नाही. गाणं मला येत नाही. ती बाईही तरुण नव्हती, साठीचीच असेल, आणि तेच जास्त लागलं. तरुण असती तर म्हटलं असतं, म्हातारा चळला. पण ती माझ्याच वयाची होती आणि तरीही ती तिथे होती, मी नळी गुंडाळत होते.

गुरुवारी लायल आला.

"मग कुठला देतेस?"

बरोबर उत्तर भिंतीवर डावीकडून चौथ्या खिळ्याला होतं. अकराचा पंखा. दोन माणसं, एक कुत्रा आणि त्यांचं खाणंपिणं घेऊन तो बोट पटकन उचलतो. मी त्याला एक संधी दिली. आजही मी स्वतःला हे सांगते, की दिली होती.

"ओझं काय लिहू?"

"लिहिलंय ना. मी आणि टोबी."

"नक्की?"

"किती वेळा विचारशील, व्हर्ना?"

मी पेन घेतलं आणि कार्डावर लिहिलं: एक माणूस, एक कुत्रा. मग पायरीवर चढून सातव्या खिळ्यावरचा तेराचा पंखा काढला.

"एका माणसाला हा बरोबर आहे," मी म्हणाले, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. एकटा लायल आणि टोबी असते तर तेरावर बोट वाऱ्यासारखी गेली असती. पण दोघं बसली, टाकी भरलेली असली, वर टोपल्या असल्या, तर तेराचा पंखा मोटरला चढावर बैल दमवावा तसा दमवणार. बोट उठणार नाही. नाक आकाशात, पाठ पाण्यात, अशी रखडत जाईल. मला तेच हवं होतं. तिच्यासमोर त्याची फजिती व्हावी, तिच्या कपड्यांवर पाणी उडावं, आणि ती ड्युलुथची बाई म्हणावी की हा माणूस आणि ही बोट काही खरी नाही. वाऱ्याचा विचार माझ्या मनात आला नाही. आला असता तर मी काय केलं असतं हे मला आता सांगता येत नाही.

लायलनं पंखा फडक्यात गुंडाळून घेतला. "बरं झालं तू आहेस," तो म्हणाला. एरवी हे वाक्य मी आठवडाभर जपलं असतं.

शनिवारी सकाळी तळं तेलासारखं शांत होतं. दहाच्या सुमाराला त्यांची बोट उत्तरेकडे गेली, संथ चालीनं, घाई नसल्यासारखी. उत्तर टोकाच्या बेटावर या दिवसांत ब्लूबेरी पिकतात. लोक टोपल्या घेऊन जातात, दिवसभर बसतात. ती दोघं तिथेच चालली होती हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

एक वाजता वारा वायव्येकडे फिरला. दोन वाजता लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला. लहान बोटी एकेक करून परत आल्या. बाहेर पडलेली माणसं माझ्या धक्क्याला बोटी बांधत होती आणि म्हणत होती, वर फार खराब झालंय. मी प्रत्येकाला विचारलं, टॉर्गरसन दिसला का. दिसला, एकजण म्हणाला, तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकापलीकडे आहे, पण काय चाललंय त्याचं कळत नाही, बोट उठवतच नाहीये.

मी दुर्बीण घेऊन धक्क्याच्या शेवटापर्यंत गेले. हार्लनची दुर्बीण, जड. लाटांमधून बोट दिसायची आणि जायची. नाक आकाशात होतं, जसं मी मनात आणलं होतं अगदी तसंच, आणि पाठ इतकी खाली होती की मागून येणारी प्रत्येक लाट काठाला टेकत होती. चांगला पंखा असता तर लायलनं बोट उचलली असती, लाटांच्या पुढे पळवली असती आणि वीस मिनिटांत टोकाच्या आडोशाला आला असता. आता तो उचलू बघत होता आणि मोटर ऐकत नव्हती. लाटांहून हळू चालणाऱ्या बोटीत लाट मागून शिरते. पिवळी टोपी नव्हती. ती बाई खाली वाकून कशानं तरी पाणी उपसत होती.

मग लायलनं हात केला. पुढे सरक, असा. पुढे वजन गेलं की नाक खाली येईल, बोट उठेल, असं त्याला वाटलं असणार. शांत पाण्यात मी स्वतः लोकांना तेच सांगते. पण या लाटांत कुणाला उभं करायचं म्हणजे त्याला तळ्यात ढकलण्यासारखंच. "नको," मी मोठ्यानं म्हणाले. "नको रे, बसू दे तिला." धक्क्यावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. ती बाई उठली, पडली, आणि गुडघ्यांवर रांगत पुढे गेली. टोबी तिच्या मागोमाग गेला.

बेव्ह कधी येऊन शेजारी उभी राहिली मला कळलं नाही. "तिला पोहता येत नाही," ती म्हणाली. "परवा चर्चच्या कॉफीला सांगत होती. तळ्यावर घर घेतलंय आणि पोहता येत नाही म्हणून हसत होती."

बोट आणखी पाऊण तास रखडत होती. मी दुर्बीण खाली ठेवली नाही. शेवटी बोट टोकाच्या आडोशाला आली आणि पाणी शांत झालं. धक्क्याकडे वळली तेव्हा मी काय केलं, तर आत गेले. आत जाऊन एक सरळच असलेलं पातं ऐरणीवर ठेवलं आणि हातोडी मारत बसले. बाहेर लोकांचे आवाज येत होते, कुणीतरी घोंगडी मागत होतं. मी हातोडी थांबवली नाही.

रविवारी मी दुकान उघडलं नाही. सोमवारी सकाळी लायल तेराचा पंखा घेऊन आला. पंखा त्यानं फळीवर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"चूक माझी आहे," तो म्हणाला.

मी ऐरणीवरची हातोडी उचलून बाजूला ठेवली.

"मी तुला खोटं सांगितलं. बोटीत दोघं असतो. ती मार्लिस म्हणून आहे ना, केटोलांच्या केबिनमधली. ती असते. मी तुला एक माणूस सांगितला म्हणून तू एका माणसाचा पंखा दिलास. बेव्ह म्हणाली तू शनिवारपासून धड जेवली नाहीस. तुझा त्यात काही दोष नाही. तेवढंच सांगायला आलो."

इतकं लांब तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. आणि मला सगळं फुकटात मिळत होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तो शरमलेला होता, मी भली ठरले होते, कदाचित शुक्रवारी तो गोड पदार्थ खाईपर्यंत थांबलाही असता.

"असू दे," मी म्हणाले. खरंच म्हणाले.

तो दारापर्यंत गेला आणि तिथे वळला. "मी लोकांना सांगत असतो, व्हर्ना चुकत नाही. मीच तुला चुकवलं."

तेवढं मला सोसलं नाही. पश्चात्ताप झाला म्हणून मी बोलले असं कुणी समजू नये. त्याच्यासारख्या माणसानं, ज्याला स्वतःच्या टोपीतसुद्धा खोटं लपवता येत नाही, त्यानं मला एका आकड्यात फसवलं असं तो समजून चालला होता. मला फसवता येतं, असं तो उद्या तिलाही सांगणार होता.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"दोघं आहात ते. पहिल्याच दिवशी कळलं. दोनशे फेरे कमी होते."

त्यानं टोपी काढली. या वेळी आत बघितलं नाही. "गुरुवारी पण माहीत होतं?"

"हो."

"आणि तेरा दिलास."

"हो."

तो येऊन आमिषाच्या टाकीच्या कठड्यावर बसला. खाली छोटे मासे इकडून तिकडे जात होते. "पाणी आत येत होतं, व्हर्ना. तिला पोहता येत नाही."

"ते मला माहीत नव्हतं."

"असतं तर?"

त्याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही, आणि आलं नाही हे त्यानं पाहिलं. नंतर मी म्हणाले, "असतं तर अकरा दिला असता," पण तोवर उशीर झाला होता.

"तू का खोटं बोललास?" मी विचारलं. कुणावर तरी राग काढायचा होता. "कोण होते मी तुझी, की माझ्यापासून लपवावं?"

"तुला सांगायची लाज वाटत होती."

"माझी? का?"

"का ते तुला माहीत आहे." तो टाकीतल्या माशांकडे बघत होता. "दर वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी येऊन विचारायचो. चल, एक चक्कर मारू. तू म्हणायचीस, दुकान आहे."

"पहिल्या दिवशी माझ्याकडे रस्त्यापर्यंत रांग असते, लायल. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस काय झालं होतं?"

त्यानं खरोखर विचार केला. "ते माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून आपणच जावं आणि म्हणावं, चल आता, हे माझ्याही डोक्यात सहा वर्षांत आलं नव्हतं. ते मी त्याला सांगितलं नाही. आता सांगून काय होणार होतं?

"उद्या तिला घेऊन ये," मी म्हणाले. "दोघांचं ओझं घेऊनच तपासायला हवं."

"तू तिला सांगणार आहेस?"

"तू सांगणार आहेस?"

तो उठला. "नाही," तो म्हणाला. त्यानं हे तिच्यासाठी ठरवलं की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

मंगळवारी ती आली. पाण्यावर तरंगवणारं नारिंगी जाकीट गळ्यापर्यंत आवळून बांधलेलं, हातात रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा. कोपरावर खरचटल्याची मोठी खूण होती, गुडघेही तसेच असणार. मी तिच्या तोंडाकडे पाहायचं टाळत होते आणि ती मुद्दाम माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हीच व्हर्ना ना? लायल म्हणतो तुमच्याइतकं यातलं कुणाला कळत नाही. आमच्यामुळे तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला," मी म्हणाले.

"शनिवारी मोटरचा सूर फार खाली लागला होता हो. मी त्याला म्हटलं, ही रडतेय, हिला काहीतरी जड होतंय. तो म्हणाला, मोटरला सूर बीर नसतो."

कानही होता बाईला. हे मला मुळीच आवडलं नाही. हार्लनला वीस वर्षांत मोटरचा खालचा सूर कळला नव्हता, आणि हिला एका दिवसात कळला.

"सूर असतो," मी म्हणाले. "लायल बरोबर नाही सांगत."

लायल मुकाट्यानं बोटीची मागची बाजू धक्क्याला लावत होता. मी धक्क्यावर पालथी पडले, गुडघ्यानं तक्रार केली तरी पडले, आणि अकराचा पंखा दांड्यावर बसवला. चकती घातली, नट आवळला, खीळ आरपार घालून दोन्ही टोकं वाकवली. हातानं फिरवून पाहिला. पंखा न अडखळता फिरला. ती वर उभी राहून बघत होती, आणि मी उठताना तिनं हात पुढे केला. मी तो धरला. दुसरं काही धरायला नव्हतं.

ती बोटीत उतरली. टोबी आधीच पुढच्या फळीवर चढला होता, तिनं त्याला ढकललं नाही, त्याच्या शेजारी अंग चोरून बसली. मग तिनं मधल्या फळीवरची टोपली उचलून खाली ठेवली आणि जागेवर हात थोपटला.

"तुम्ही पण चला ना. आकडा तुम्हीच वाचा. आम्हाला काय कळतंय?"

मी लायलकडे बघितलं. तो सुकाणूजवळ उभा होता. मला वाटलं होतं तो पाण्याकडे बघेल, पण त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"चल, व्हर्ना," तो म्हणाला.

मंगळवारची सकाळ होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बेव्ह दारात उभी होती आणि मानेनं मला जा, जा म्हणत होती. तळं शांत होतं. मी हात पुसले. फडकं खिशात ठेवलं आणि एक पाय बोटीच्या काठाकडे नेलाही.

"नको," मी म्हणाले. "तिघं बसलो तर आकडा चुकेल."

"एवढ्यानं काय होणार?" मार्लिस म्हणाली.

"दोनशे फेरे जातात," लायलनं तिला सांगितलं. माझ्याकडून तो पुन्हा काही ऐकायला थांबला नाही. मी दोर सोडला आणि पायानं बोट ढकलली.

तो हळूहळू बाहेर गेला, खुणेच्या खांबापलीकडे गेला आणि त्यानं पूर्ण जोर लावला. नाक वर आलं, क्षणभर राहिलं, आणि बोट उठली. चार अंक मोजेपर्यंत उठली. पाण्यावरून सरळ, सपाट गेली, लांब गेली, वळली, वारा पाठीशी घेऊन परत आली. मी धक्क्यावर कार्ड घेऊन उभी होते.

बोट जवळ आल्यावर मार्लिसनं दोन्ही आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. जाताना पाच हजार पाचशे, येताना पाच हजार पाचशे पन्नास. केस विस्कटले होते, गाल लाल झाले होते.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं. "आम्हा दोघांना हा बरोबर आहे?"

मी दोन्ही आकडे लिहून घेतले. मोटर बनवणाऱ्यानं सांगितलेले साडेपाच हजार नेमके भरत होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "याहून बरोबर माझ्याकडे नाही."